दाणेबंदीचे दिवस

लार्स आमच्याकडे राहायला आला आणि आमच्या घरातून शेंगदाणे हद्दपार झाले. ज्यांच्या घरी रोजच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट पडत नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या आईच्या हाताला कुटाची इतकी सवय होती की काकडीची कोशिंबीर, भेंडीची भाजी, मेथीची पातळ भाजी, कशातही ते आपसूक पडायचं. उपासाच्या दिवशी तर भगर आणि दाण्याची आमटी याखेरीज आमच्या घराला काही सुचतच नसे. तेलही शेंगदाण्याचंच. ते सगळं आईनं एका सकाळी डब्यांसकट शेजारच्या काकूंकडे पोचवलं, ओटा तीनदा पुसला, मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यात बुडवलं आणि मग ओट्याशीच उभी राहून म्हणाली, "आता मी स्वयंपाक कशाचा करू?"

लार्स स्वीडनचा. बाबा नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. तिथे परदेशातून एक अवाढव्य मशीन आलं होतं आणि ते बसवायला हा सहा फुटांहून उंच, तिशीच्या आतला, लाजाळू इंजिनिअर. हॉटेलात राहायची त्याला भीती वाटायची, कारण कुठल्या कढईत आधी काय तळलं हे तिथे त्याला कुणी खात्रीनं सांगेना. तेव्हा बाबांनी साहेबांपुढे छाती काढून सांगितलं, "आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. घरचं जेवण, घरचं लक्ष." घरी येऊन आईला हे सांगताना ती छाती कुठे गेली होती कोण जाणे.

पहिल्या संध्याकाळी लार्सनं खिशातून जाड पेनासारखं काहीतरी काढलं आणि जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या ताटलीत ठेवलं. तो इंग्रजीत सांगत गेला आणि मी मराठीत. दाण्याचा कणसुद्धा पोटात गेला तर याचा घसा सुजतो, श्वास बंद होऊ शकतो. तसं झालं तर हे इंजेक्शन मांडीत खुपसायचं, पँटवरूनच, जोरात, आणि लगेच दवाखाना गाठायचा. "आणि कोण खुपसणार?" बाबांनी विचारलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नीला सायन्सला आहे," आई म्हणाली. मी सायन्सला होते हे खरं, पण वनस्पतिशास्त्राला. शाळेत लस टोचायला आलेल्या नर्सबाईंच्या अंगावर मी दोन वेळा चक्कर येऊन पडले होते. पण आमच्या घरात एकदा ठरलं की ठरलं. लार्सनं मला लाल भोपळ्यावर बॉलपेनानं सराव करायला लावला. रोज संध्याकाळी मी डोळे मिटून त्या भोपळ्याला भोसकायची. माझा मोठा भाऊ मुकुंदा शेजारी उभा राहून "वाचला! भोपळा वाचला!" असं ओरडायचा.

मला मात्र हसू येत नसे. दुसऱ्याच दिवशी दुपारी आईनं कोबीची कोशिंबीर केली आणि ताट वाढून टेबलाकडे निघाली. मी वास घेतला नि किंचाळले. आई थबकली. "अगं, दाणे कुठे घातलेत? नुसतं कूट आहे!" ती मनापासून म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा पांढरा पडला. ती तिथेच जमिनीवर बसली. त्या दिवसापासून कुणी काही खायला दिलं की आधी वास घ्यायची मला सवय लागली. ती अजून आहे. लग्नकार्यात लोकांना वाटतं ही बाई अन्नाला नावं ठेवते. बाबांना दाण्यांशिवाय करमेना, तेव्हा ते कारखान्यातून येताना द्वारका चौकात उतरून कागदाच्या पुडीतले खारे दाणे खायचे आणि दारू पिऊन आलेल्या माणसासारखे मागच्या दारानं शिरून आधी दात घासायचे.

लार्सला त्याच्या गावी एकच व्यसन होतं, ते म्हणजे बेस गिटार. ती त्यानं मशीनच्या सुट्या भागांबरोबर पेटीत घालून आणली होती. येऊन आठवडा झाला नाही तोच त्यानं विचारलं, इथे लाइव्ह रॉक कुठे ऐकायला मिळतं? बाबांनी ऑफिसभर चौकशी केली आणि त्याला एका भावगीतांच्या कार्यक्रमाला नेलं. तो सतरंजीवर लांब पाय दुमडून पहिल्यापासून शेवटपर्यंत बसला, टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन मला हळूच म्हणाला, "फार छान होतं. पण ड्रम्स कधी येणार याची मी वाट बघत राहिलो." मग मुकुंदानं त्याला स्कूटरच्या मागे बसवलं आणि गावाबाहेर मखमलाबादला नेलं. मीही सायकलनं मागोमाग गेले. तिथे द्राक्षं भरायच्या एका शेडमध्ये मुकुंदा आणि त्याचे मित्र वाजवायचे. बँडचं नाव होतं 'थॉम्पसन सीडलेस'. लार्सला वाटलं थॉम्पसन हे कुणीतरी मोठे इंग्रज गायक असावेत. ते द्राक्षाच्या जातीचं नाव आहे हे कळल्यावर तो इतका हसला की मी घाबरून त्याच्या गळ्याकडे पाहू लागले.

नाशकातलं तेव्हाचं रॉक म्हणजे ही अशी शेड. ड्रम वाजवणारा संत्या एरवी लग्नाच्या वरातीत वाजवायचा, त्यामुळे त्याची लय कितीही वेळ न थकता चालायची, पण मधूनच नवरदेव घोड्यावरून उतरल्यासारखी भलतीकडे वळायची. मुकुंदाच्या गिटारचा अॅम्प्लिफायर एका जुन्या रेडिओच्या पोटातून काढलेला. वीज यायची ती मोटारीच्या कनेक्शनवरून, म्हणजे विहिरीवर कुणी पंप सुरू केला की गाणं बसकण मारायचं. लार्सनं आपली गिटार जोडली आणि एकच जाड सूर वाजवला. पत्र्याच्या आढ्यावरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. माझ्या पायाखालची जमीन बारीक थरथरली. संत्या काठ्या हातात धरून तसाच बसला आणि म्हणाला, "आयला, हे कमी होतं व्हय आपल्यात!" लार्सनं नंतर घरी आईला सांगितलं की त्याच्या गावात तालमीच्या खोल्यांना ओल्या भिंतीचा वास येतो, इथे कांद्याचा येतो, बाकी सगळं तेच आहे. परक्या गावात आल्यापासून तो पहिल्यांदाच भरपेट जेवला, असं आईचं म्हणणं.

आता अडचण एकच होती. असलं काही ऐकायला या गावात हॉल कोण देणार? संत्याचे मामा अण्णा. शेड त्यांचीच. अण्णांचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा, पहाटे बाजारात माल पोचवणारी जीप, आणि पंचवटीकडच्या एका मंडळाचं अध्यक्षपद. त्यांनी शेडच्या दारात उभं राहून एक गाणं अख्खं ऐकलं आणि म्हणाले, "मला यातलं काय बी कळालं नाय. पण पोरं मेहनत लय घेत्यात." मंडळाच्या महाशिवरात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी संध्याकाळचा तासभर वेळ दिला. अट एकच, की सुरुवातीला परदेशी पाहुण्यांचा सत्कार मंडळातर्फे होईल. मुकुंदा आनंदानं वेडा झाला. मी मात्र पंचांग काढून बसले. महाशिवरात्र. म्हणजे उपास. म्हणजे त्या दिवशी पंचवटीत माणशी मूठभर दाणे.

आईला मी म्हटलं, लार्सला जाऊच द्यायला नको. आईचंही तेच मत होतं. पण लार्सनं शांतपणे सांगितलं, "मी लहानपणापासून असाच जगतो आहे, नीला. तिथलं काही खाणार नाही, घरून जेवून जाईन. दाण्यांच्या भीतीनं घरी बसलो असतो तर मी नाशिकला आलोच नसतो." बाबा नेमके मशीनचे सुटे भाग सोडवायला मुंबईला गेलेले. आई म्हणाली, "मला तिथे बसून बघवणार नाही. तू जा. ते पेन तुझ्याकडे ठेव." मी इंजेक्शन रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं. रुमालासकट ते इतकं जड वाटत होतं की मी एका बाजूला कलून चालत होते असं मुकुंदा अजून सांगतो.

हॉल गच्च भरला होता. पुढे बायका, मागे पुरुष, खिडक्यांत कॉलेजची पोरं. आत शिरताच मला वास आला, भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा. एका कोपऱ्यात परातीच्या परातींत लाडू रचले होते आणि मंडळाची माणसं ते वाटत होती. ज्याच्या त्याच्या हातात लाडू, फरशीवर दाण्याची सालं, पंख्याच्या वाऱ्यानं सालं उडतायत. मला वाटलं हवेतच विष आहे. लार्स मागच्या दारानं थेट स्टेजवर गेला होता. मी बायकांमध्ये पहिल्या रांगेत, कमरेवर हात दाबून बसले. शेजारच्या आजींनी मला लाडू दिला. मी तो घेतला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "घे गं बाई, उपासाला चालतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लार्सच्या वाढदिवसाला आईनं शिरा केला होता आणि पहिला घास स्वतःच्या हातानं त्याला भरवला होता. तो आधी दचकला. आईनं मला सांगायला लावलं की आमच्यात माणूस आपल्या हातानं भरवतो तेव्हा नाही म्हणायचं नसतं. त्यानं लहान मुलासारखा आ केला. पुढे आई कधीही समोर घास धरायची आणि तो निमूट तोंड उघडायचा. जगात त्याला ज्या हाताचा पूर्ण भरवसा वाटायचा तो आईचा हात. आम्हीच त्याला शिकवलं होतं की हातानं आलेला घास नाकारू नये.

स्टेजवर अण्णांनी त्याला शाल पांघरली. नारळ दिला. फोटोवाल्यानं फोटो काढला. मुकुंदा आमच्याकडे पाठ करून तारा पिळत होता, संत्या ड्रमच्या मागे खाली वाकला होता. मग अण्णांनी मागे हात केला, कुणीतरी त्यांच्या हातात लाडू ठेवला, आणि तो लाडू त्यांनी माईकवर "पाहुण्यांचं तोंड गोड करू" असं म्हणत लार्सच्या तोंडाकडे नेला. लार्स हसला आणि त्यानं आ केला.

मी आयुष्यात कधी स्टेजवर चढलेली नव्हते. शाळेच्या नाटकात मला झाड केलं होतं, तेही पडद्यामागचं. तिथे कशी पोचले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की लाडू त्याच्या ओठाला टेकला होता तेव्हा मी अण्णांच्या मनगटावर दोन्ही हातांनी फटका मारला. लाडू फुटून स्टेजभर उडाला. अण्णा गोंधळले, पण भला माणूस, त्यांनी लार्सच्या तोंडाला लागलेलं पुसायला तोच हात पुढे केला. आणि मी किंचाळले, "हात लावू नका त्यांना!" माईक दोन इंचांवर होता.

आमचं आडनाव त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझे चुलते रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे, त्यांना लागणारी फुलं अण्णांच्या मळ्यातून यायची. पायाखाली महादेवाचा प्रसाद तुडवत, त्या घरातली मुलगी मळेकऱ्याला सगळ्या गावासमोर हात लावू नका म्हणत होती. अण्णांचा हात होता तिथेच थांबला. मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. "काय म्हनली ती? काय म्हनली?" संत्या ड्रमच्या मागून उभा राहिला, काठ्या हातात, आणि माझ्याकडे असं पाहू लागला की मला तो ओळखीचाच वाटेना. मला दोन माणसांची भीती वाटत होती, एक मरेल याची आणि दुसरा मारेल याची, आणि त्यांतली कुठली आधी घ्यावी ते कळत नव्हतं.

लार्सनं शालीनं ओठ घासून पुसले आणि मला इंग्रजीत विचारलं, "दाणे होते?" मी मान हलवली. त्याचा रंग उडाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच अण्णांचा आवाज बदलला. "पोरी, काय झालं ते नीट सांग."

"दाणे," मी म्हटलं. "यांना दाणे... खाल्ले की श्वास बंद होतो. मरतो माणूस. तुमच्या हाताला लागलेत."

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटांना गूळ आणि चुरा चिकटला होता. ज्या हातानं आपण सत्कार केला तो हात त्यांनी अंगापासून लांब धरला, पेटलेला असावा तसा. "एवढ्याशानं पण?" "एवढ्याशानं पण." मग ते माईककडे वळले आणि त्यांचा मळ्यातला आवाज लागला. "ज्याच्या ज्याच्या हातात लाडू हे त्यानं भायेर! आत्ताच्या आत्ता! खाऊन, हात धुऊन, चूळ भरून मग आत. संत्या, बघतो काय, झाडू आण!"

लार्सनं मागच्या नळावर ओठ धुतले, पुन्हा धुतले, खिशातली अॅलर्जीवरची गोळी घेतली आणि खुर्चीवर बसला. त्याच्या खालच्या ओठाची एक बाजू फुगली होती, गांधीलमाशी चावल्यासारखी. मी म्हटलं, दवाखान्यात चल. अण्णा म्हणाले, दवाखान्यात चला. तो म्हणाला, गिळलेलं नाही, फक्त टेकलं. वाढलं तर जाऊ, थोडं थांबू. थांबलो. सूज वाढली नाही. कमीही झाली नाही. बाहेर लोक हात धूत होते, आत संत्या झाडत होता आणि झाडता झाडता माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "ताई, आधी सांगाया नको का? माझं तर डोकंच फिरलं व्हतं." मुकुंदा रडवेला झाला होता. कार्यक्रम रद्द करू, असं तोच म्हणाला. लार्सनं गिटार मांडीवर घेतली. "बसून वाजवतो. नीला इथे उभी राहील."

अण्णांनी हात कोपरापर्यंत साबणानं धुतले होते आणि तरी ते खिशात कोंबून ठेवले होते. "मी जीप दाराशी लावतो," ते म्हणाले. "चालूच ठेवतो. तू नुसती हाक मार." आणि ते गेले.

अशा रीतीनं थॉम्पसन सीडलेसचा पहिला कार्यक्रम झाला. अर्धे लोक आत, अर्धे हात वाळवत खिडक्यांशी. लोक म्हणतात जबरदस्त झाला. कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, त्या लाडूवाल्या आजींनी म्हणे कानांवर हात ठेवून पूर्ण ऐकला. मुकुंदा आजही दोन पेग झाले की त्यातलं एक गाणं तोंडानं वाजवून दाखवतो आणि विचारतो, "आठवतं का?" मी हो म्हणते. मला काही आठवत नाही. मी अॅम्प्लिफायरच्या बाजूला, रुमालातून काढलेलं इंजेक्शन मुठीत घट्ट धरून, लार्सच्या ओठाकडे बघत उभी होते. तो मान हलवायचा, मला वाटायचं गुदमरतोय. तो डोळे मिटायचा, मला वाटायचं गेला. त्यानं एकदा मान खाजवली तेव्हा मी टोपण काढलं. त्यानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि मान हलवून नको म्हटलं, तारांवरचा हात न थांबवता. त्याची छाती वर जाते का, खाली येते का, एवढंच मी पाहिलं. ड्रम थांबले की दाराबाहेरून जीपचं इंजिन ऐकू यायचं आणि तेवढ्यापुरता मला धीर यायचा.

संपल्यावर अण्णांनीच आम्हाला घरी सोडलं. लार्स मागे झोपून गेला होता, गोळीनं. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते. दिंडोरी नाक्याजवळ अण्णा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "तू ते बोललीस ना स्टेजवर. क्षणभर माझ्या मनात दुसरंच आलं."

"बोलल्यावर माझ्याही," मी म्हटलं.

"साहजिक हे," ते म्हणाले, आणि थोडं पुढे गेल्यावर, "पण जोरात मारलंस लय." त्यांनी स्टिअरिंगवरचं मनगट मला दाखवलं. खरंच लाल झालं होतं. मी त्यावर हात ठेवला, आणि आमच्या गल्लीचं वळण येईपर्यंत तसाच राहू दिला.

आई फाटकाशीच उभी होती. जीपमधून आधी अण्णा उतरले, मग मी, आणि लार्सला दोघांनी धरून उतरवलेलं पाहून तिनं फाटकाची कडी घट्ट धरली. लार्स झोपेतच "बरा आहे" असं मराठीत पुटपुटला. तिनं त्याच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, अण्णांच्या मनगटाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बिनटोपणाच्या इंजेक्शनकडे पाहिलं. यातलं काही विचारायची तिची हिंमत झाली नसावी. म्हणून तिनं सगळ्यात सोपं विचारलं.

"गाणं कसं झालं?"

"श्वास घेत होता," मी म्हटलं.

"मग चांगलं झालं," आई म्हणाली, आणि अण्णांना म्हणाली, "हात धुवून घ्या, पान वाढते."